जोशी म्हणजे कोणते जोशी?



आमच्या गांवच्या घरांत माजघराच्या भिंतीवर एक जुनी तसबीर आहे. डोक्यास पागोटें, अंगांत बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणें, असे एक गृहस्थ तींत खुर्चीवर बसलेले आहेत. ते माझे पणजोबा. त्यांचें नांव वामन, आणि आडनांव अर्थात् आमचेंच, म्हणजे जोशी. ह्या तसबिरीच्या पाठीमागें वर्तमानपत्राचें एक कात्रण चिकटविलेलें होतें. वामनराव जोशी यांस सरकारविरुद्ध मजकूर प्रसिद्ध केल्याच्या खटल्यांत शिक्षा झाल्याची बातमी त्यांत होती. कात्रणाचा खालचा भाग फाटलेला असल्यामुळें शिक्षा किती झाली, कोठें झाली, हें कांहीं त्यांतून कळत नसे.

दर वर्षीं १५ ऑगस्टला ह्या तसबिरीस हार घालावयाचा आणि झेंडावंदनानंतर शाळेंतल्या मुलांना पणजोबांच्या कारावासाची गोष्ट सांगावयाची, असा माझा जवळ जवळ तीस वर्षांचा परिपाठ होता. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, नोकरी प्राथमिक शाळेंतली. ऐकलेली गोष्ट पडताळून पाहावी असें मला त्या काळीं कधीं सुचलें नाहीं. पुढें मी सेवानिवृत्त झालों, आणि एके दिवशीं आमच्या ग्रामपंचायतीकडून मला विचारणा झाली. गांवांतल्या स्वातंत्र्यसैनिकांचा स्मृतिफलक बसवावयाचा आहे. तरी आपल्या पणजोबांस कोणत्या सालीं, किती शिक्षा झाली, तें कळवावें. प्रश्न अगदीं साधा होता, पण त्याचें उत्तर मला देतां येईना. तेव्हांपासून दोन वर्षें मी जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या फायली चाळीत बसलों. सामान्य आडनांवाच्या मनुष्याचा माग अशा कागदांतून कसा काढावा, आणि त्यांत कोठें पाय घसरतो, हें अनुभवानें जेवढें समजलें तेवढें आज आपणांपुढें मांडीत आहें.

प्रथम आडनांवाचाच विचार करूं. ‘जोशी’ हें ‘ज्योतिषी’ ह्या शब्दाचें रूप. गांवाला पंचांग सांगणें, लग्नामुंजीचे मुहूर्त काढून देणें, हें ज्याचें काम तो गांवचा जोशी. आपल्या गांवगाड्यांत हें एक वतन होतें. म्हणजे ‘जोशी’ हें मुळांत कुळाचें नांव नसून कामाचें नांव आहे, आणि जेथें जेथें तें काम तेथें तेथें तें नांव. म्हणूनच जोशी देशस्थांत आहेत, कोंकणस्थांत आहेत, कऱ्हाड्यांत आहेत. गुजराथेंत आहेत आणि दूर हिमालयाच्या पायथ्याशीं कुमाऊं प्रांतांतही आहेत. त्यांचीं गोत्रें निराळीं, मूळ गांवें निराळीं. कुलकर्णी, पाटील, देशमुख, देशपांडे ह्या आडनांवांचीही हीच कथा. दोन मामलेदार एकमेकांस भेटले तर आपण त्यांस भाऊ समजत नाहीं. मग दोन कुलकर्णी भेटतांच ‘आपण एकाच घराण्यांतले’ असें त्यांस कां वाटावें?

दुसरी गोष्ट अशी कीं, आडनांव हें आपण समजतों तितकें स्थिर नसतें. १८४१ सालीं मुंबईस ‘प्रभाकर’ पत्र काढणारे भाऊ महाजन यांचें खरें नांव गोविंद विठ्ठल कुंटे. त्याच ‘प्रभाकरां’त १८४८ पासून ज्यांचीं शतपत्रें प्रसिद्ध झालीं ते लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख, पण देशमुखीच्या वतनावरून हें आडनांव पडण्यापूर्वीं तें घराणें सिद्धये होतें. जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून तें फुले झालें. १८९५ मध्यें ‘मासिक मनोरंजन’ सुरू करणारे काशिनाथ रघुनाथ मित्र हे जन्मानें आजगांवकर. आतां कुंट्यांच्या घराण्यांतला कोणी जिज्ञासु ‘प्रभाकरा’च्या फायलींत ‘महाजन’ वाचून पुढें गेला, तर आपल्याच पूर्वजाच्या दारावरून तो न थांबतां गेला असें म्हणावें लागेल.

स्त्रियांच्या बाबतींत तर माग काढणें अधिकच कठीण. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६५ चा. माहेरचें नांव यमुना, आणि माहेरचें आडनांवही जोशीच. गोपाळराव जोशी यांच्याशीं विवाह झाल्यावर त्या आनंदी झाल्या. येथें आडनांव बदललें नाहीं आणि नांव मात्र बदललें! १८८६ मध्यें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली. तिकडच्या कागदपत्रांत त्यांचें आडनांव शेवटीं जोड ‘ई’ घालून लिहिलेलें आढळतें. म्हणजे एकाच बाईचा माग काढावयाचा तर दोन नांवें, दोन लिप्या आणि आडनांवाचीं निरनिराळीं स्पेलिंगें ध्यानांत ठेवावीं लागतात. आणि ही झाली जगप्रसिद्ध बाईची गोष्ट. इतर असंख्य बायांचीं नांवें वर्तमानपत्रांत आलींच नाहींत. आल्या त्या अमक्याची पत्नी किंवा तमक्याची मातोश्री म्हणून.

आतां वर्तमानपत्रांकडे वळूं. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघाला. त्यानंतर नगरचा ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्यें, पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्यें, मुंबईचा ‘इंदुप्रकाश’ १८६२ मध्यें, ‘विविधज्ञानविस्तार’ मासिक १८६७ मध्यें, ‘दीनबंधु’ १८७७ मध्यें, ‘केसरी’ १८८१ मध्यें, अशी ही परंपरा वाढत गेली. पूर्वजांचा शोध घेणारे बहुतेक लोक एकदम ‘केसरी’कडे धांव घेतात. मीही घेतली. पण सामान्य मनुष्याचें नांव मोठ्या पत्रांत क्वचित् येतें. तें येतें जिल्ह्याच्या पत्रांत. ठाण्याचा ‘अरुणोदय’, सोलापूरचा ‘कल्पतरु’, रत्नागिरीचा ‘सत्यशोधक’, अशीं पत्रें गांवोगांव होतीं. कोणतें पत्र कोठें आणि केव्हां निघत होतें हें पाहण्यास दाते, काळे आणि बर्वे यांनीं तयार केलेली मराठी नियतकालिकांची सूची फार उपयोगी पडते. जुने अंक पाहावयाचे तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ, तेथलाच केसरीवाडा, अशीं स्थळें आहेत. शिवाय आतां कित्येक पानांचीं छायाचित्रें संगणकावरही पाहावयास मिळतात.

अंक हातीं आल्यावर वाचावयाचें काय? अग्रलेखांत आपले पणजोबा सांपडावयाचे नाहींत. ते सांपडतील ते बारीक टाइपांत: दुष्काळ निधीच्या वर्गणीच्या यादींत, मॅट्रिकच्या निकालांत, शाळेच्या बक्षीस समारंभाच्या वृत्तांत, सरकारी नोकरांच्या बदल्यांत, दत्तकाच्या जाहीर नोटिशींत, ‘पत्रव्यवहार’ ह्या सदरांत, आणि मासिकाकडे आलेल्या पुस्तकांच्या पोंचींत. तेथें नांवामागें लागलेलीं अक्षरेंही वाचावयास शिकलें पाहिजे. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री. हें कोणाही गृहस्थास लावीत. ‘वे. शा. सं.’ म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. हें असल्यास तो मनुष्य शास्त्री-पंडितांपैकीं. ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी, अर्थात् विधवा. ‘कै.’ असेल तर त्या तारखेपूर्वीं तो मनुष्य वारला होता, हें निश्चित झालें. दोन अक्षरांत केवढी माहिती असते पाहा!

तारखांचेंही थोडें गणित आहे. पुष्कळ ठिकाणीं शक आणि तिथि दिलेली असते. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो. मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या दिवसांकरितां ७९ मिळवावे लागतात. हा एक वर्षाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण मनुष्य तुरुंगांत होता कीं घरीं होता, याचा निर्णय कधीं कधीं त्याच एका वर्षावर अवलंबून असतो.

यंत्राच्या साह्याविषयीं दोन शब्द. संगणकावर ‘जोशी’ शब्द घालून शोध केला तर नावांचा असा पूर लोटतो कीं त्यांत आपला मनुष्य बुडून जातो. आणि गंमत अशी कीं, नेमका जो हवा तो त्यांत नसतोही. कारण छापलेल्या मजकुरांत ‘जोश्यांनीं’, ‘जोशांचें’, ‘जोशीबोवा’ असें असतें. झिजलेल्या खिळ्यांची अक्षरें यंत्रास लागत नाहींत, आणि शिळाप्रेसवर छापलेला हाताक्षरी मजकूर तर त्यास बहुधा मुळींच वाचतां येत नाहीं. तेव्हां यंत्रानें ‘नाहीं’ म्हटलें म्हणजे तो मनुष्य नव्हता असें ठरत नाहीं. गांव आणि साल कळलें असेल तर तें वर्ष पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत डोळ्यांनीं वाचून काढणें, हाच खात्रीचा मार्ग होय.

आतां माझी हकीकत सांगतों. शोधास आरंभ घरापासून करावा म्हणून मीं प्रथम वडीलधाऱ्यांस विचारून टिपणें केलीं. कात्रणांतली शिक्षा तर सर्वांस ठाऊक होतीच. शिवाय आमच्या आत्याबाई म्हणाल्या, ते नाशकाच्या कटांत होते, काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. एक चुलते म्हणाले, त्यांनीं नाटक लिहिलें होतें आणि तें रंगभूमीवर फार गाजलें. एकाच मनुष्यानें इतकें सारें केलें असेल तर तो खरोखर थोरच. पण मग त्याच्या नांवाचा एखादा रस्ता तरी असावयास नको काय?

फायली वाचूं लागल्यावर उलगडा झाला. त्या एकाच पिढींत वामनराव जोशी तीन होते, आणि तिघेही स्वातंत्र्याच्या लढ्यांत शिक्षा भोगलेले! पहिले वामन मल्हार जोशी. ‘रागिणी’ आणि ‘सुशीलेचा देव’ ह्या कादंबऱ्यांचे हे विख्यात लेखक. कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकांत पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख आला, त्याबद्दल १९०८ मध्यें खटला होऊन प्राध्यापक विजापूरकरांबरोबर यांस तीन वर्षांची शिक्षा झाली. दुसरे वामन नारायण जोशी. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशकास कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला, त्या खटल्यांत १९१० मध्यें यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिसरे अमरावतीचे वामन गोपाळ जोशी, म्हणजेच वीर वामनराव. हे ‘रणदुंदुभि’ नाटकाचे कर्ते, ‘स्वतंत्र हिंदुस्थान’ पत्राचे संपादक, आणि यांनींही कारावास भोगला. आमच्या घरानें ह्या तिघांच्या चरित्रांतला एक एक तुकडा घेऊन आपल्या तसबिरींतल्या गृहस्थांस चिकटविला होता. लबाडी कोणीच केली नव्हती. वर्तमानपत्रांत ‘वामनराव जोशी’ वाचलें कीं ‘हे आपलेच’ असें प्रत्येकास वाटलें, इतकेंच.

मग तसबिरीमागचें तें कात्रण कोणाचें? येथें एक युक्ति उपयोगी पडली, ती सर्वांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कात्रण नेहमीं उलटून पाहावें. पुढची बाजू आपण जपलेली असते, पण साल बहुधा मागच्या बाजूस असतें. मीं पुठ्ठा ओलसर करून कात्रण हलकेंच सोडविलें. मागें एका जाहिरातीचा तुकडा होता आणि त्यांत ‘शके १८३०’ एवढीं अक्षरें शाबूत होतीं. १८३० त ७८ मिळविले, १९०८ आले. म्हणजे कात्रण १९०८ च्या चैत्रापासून १९०९ च्या फाल्गुनापर्यंतचें. जॅक्सनचा वध त्यानंतरचा. तेव्हां नाशिकचे वामनराव गळाले. त्या वर्षाची फाईल काढून वाचतां वाचतां ती संपूर्ण बातमी एके दिवशीं समोर आली. ती ‘विश्ववृत्ता’च्या खटल्याची होती, आणि तींत ‘वामन मल्हार जोशी’ असें पुरें नांव होतें. माझ्या पणजोबांच्या वडिलांचें नांव मल्हार नव्हे. गोपाळ नव्हे, आणि नारायणही नव्हे.

मीं हें घरीं सांगितलें तेव्हां माझे वडील चुलतबंधु रागावले. ते म्हणाले, “अरे, बापाचें नांव छापण्यांत चुकलें असेल. शंभर वर्षांनीं तूं कोण आलास त्यांना तुरुंगांतून सोडवणारा?” मीं म्हटलें, “दादा, तुमचें म्हणणें खरें ठरावें अशी माझीही इच्छा आहे. दुसरा पुरावा पाहूं.” आणि त्यांचा आक्षेप शास्त्रशुद्धच होता. जुन्या छपाईंत चुका होतात. एका पुराव्यावर निर्णय देऊं नये; दुसरा, पहिल्याशीं संबंध नसलेला पुरावा पाहिजे. म्हणून मीं जिल्ह्याच्या एका साप्ताहिकाचे १९०८ ते १९११ पर्यंतचे अंक घेतले, आणि भेटेल तो प्रत्येक जोशी निराळ्या चिठ्ठीवर उतरला: नांव, वडिलांचें नांव, गांव, धंदा, तारीख आणि पान. चार महिन्यांत दोनशेंवर चिठ्ठ्या झाल्या. अखेर १९०९ च्या एका अंकांत, तालुक्याच्या एका शाळेच्या बक्षीस समारंभाच्या वृत्तांत शेवटच्या ओळींत तें नांव आलें. नांव तेंच, वडिलांचें नांव तेंच, गांव तेंच. शाळेचे हेडमास्तर म्हणून त्यांनीं पाहुण्यांचे आभार मानले होते. पुढच्या वर्षीं शाळामास्तरांच्या बदल्यांच्या यादींत पुन्हां त्यांचें नांव. जो मनुष्य तुरुंगांत आहे तो त्याच वर्षीं शाळेंत आभार मानीत नाहीं. प्रश्न मिटला.

त्या दिवशीं ग्रंथालयांतून बाहेर पडतांना मला रितें रितें वाटलें, हें मी लपवीत नाहीं. तीस वर्षें मुलांना सांगितलेली गोष्ट खोटी निघाली होती. पण परतीच्या एस.टी.त विचार करतांना दुसरी एक गोष्ट मनांत आली. हे गृहस्थ शाळामास्तर होते, हें आमच्या घरांत कोणासच ठाऊक नव्हतें! ह्या घरांतला पहिला मास्तर मी, अशी माझी समजूत. तिसऱ्या पिढीनंतर मी त्यांच्याच खुर्चीवर बसलों होतों, आणि आम्हीं त्यांस तेथून उठवून दुसऱ्याच्या कोठडींत बसविलें होतें. आणि त्या कात्रणाचें काय? तें त्यांनींच कापून ठेवलें असेल काय, याला पुरावा नाहीं. मात्र १९०८-०९ सालीं ज्यानें कोणीं ती बातमी कापून जपली, त्याला त्या शिक्षेचें मोल कळत होतें, एवढें खास.

ग्रामपंचायतीस मीं लेखी कळविलें कीं, आमच्या पणजोबांचें नांव फलकावर घालूं नये. ती जागा ज्यांनीं खरोखर शिक्षा भोगली त्यांची आहे. ती उसनी घेणें म्हणजे त्यांच्या कष्टांतला वांटा चोरणें होय. पुढच्या १५ ऑगस्टला शाळेंत जाऊन मुलांनाही सारी हकीकत सांगितली. मला वाटलें होतें, मुलें हंसतील. एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, मग आमच्या घरांतल्या गोष्टी खऱ्या कशावरून?” तीस वर्षांत माझ्या वर्गांत कोणीं इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता.

सारांश, जुन्या वर्तमानपत्रांत आपलें आडनांव दिसलें म्हणजे आपला पूर्वज सांपडला असें समजूं नये. नांव, वडिलांचें नांव, गांव, धंदा आणि काळ हीं पांचही जुळतात काय तें पाहावें. न जुळणारी गोष्ट आढळली तर ती प्रामाणिकपणें टिपून ठेवावी. आणि आवडता पूर्वज हातचा गेला तरी खरा पूर्वज सोडूं नये. तो बहुधा शेवटच्या ओळींत, बारीक टाइपांत, कोणाचे तरी आभार मानीत उभा असतो.

आमच्या माजघरांतली तसबीर अजून तेथेंच आहे. तिला हार आतां १५ ऑगस्टला न घालतां ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनीं घालतों. गेल्या वर्षीं तो हार दादांनीं स्वतः आणला होता.